‘आरपी’ एवढं लिहून भागणार नाही

दिवेलागणीला पोर उंबऱ्याशी अडखळू लागलं की घरात गाजर, पालेभाज्या आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू होतात. या जीवनसत्त्वाच्या अभावाने आलेला रातांधळेपणा त्याने हटतोही. रेटिनायटिस पिग्मेंटोसा (आरपी) या दृष्टिपटलाच्या आजारातल्या रातांधळेपणाचं मूळ मात्र जनुकात असतं. अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी आधी मरतात, नजर कडेकडून आक्रसत जाते, मग शंकुपेशींची पाळी येते.

फाइलवर ‘आरपी’ लिहिलं जातं, इलाज नाही म्हणून सांगितलं जातं आणि बहुतेकदा विषय तिथेच मिटतो. तो मिटता कामा नये. दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजारांमागची अडीचशेहून अधिक जनुकं आज ठाऊक आहेत. आपल्या मुलाचं त्यातलं कुठलं, यावर पुढचं बरंच काही ठरतं. अमेरिकेने डिसेंबर २०१७मध्ये मान्यता दिलेली ‘लक्स्टर्ना’ ही जनुक-उपचारपद्धती फक्त ‘आरपीई६५’ या जनुकातल्या दोषावर चालते. निरुपद्रवी विषाणूवर लादून जनुकाची धड प्रत दृष्टिपटलाखाली सोडतात. तिथे दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर ठेवली गेली, आपल्या घरांना न झेपणारी. शिवाय पेशी जिवंत असतील तरच उपयोग. पुढे स्वस्त उपचार आले, तरी ज्याच्या जनुकाचा पत्ता नाही त्याला ते कसे मिळणार?

जनुक तपासणीचा दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. मूल अधू निघालं की बोट आईकडे जातं. अप्रभावी प्रकारात आई-वडील दोघांची नजर ठणठणीत असते आणि दोघांकडेही एकेक बिघडलेली प्रत असते. प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. पहिल्याला झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. मामाच्या मुलीशी सोयरीक जमवणाऱ्या घरांत दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते. सख्ख्या आते-मामेभावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुकं समान असतात. एक्स गुणसूत्रावरचा प्रकार आईकडून मुलाकडे येतो, हे खरं. पण कुठली प्रत पुढे जावी, हे तिच्या हातात कधीच नव्हतं. हे घरच्यांना बसवून समजावणारा समुपदेशक हवा.

दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजाराचं निदान झालेल्या प्रत्येक मुलाच्या जनुक चाचणीचा आणि समुपदेशनाचा खर्च सरकारने उचलावा. भावंडांचीही तपासणी त्याच खेपेत व्हावी, म्हणजे ज्याला अजून नीट दिसतंय त्याची शाळा आणि पुढचं काम वेळेत आखता येईल.