त्या दुसऱ्या डबीचं काय झालं?

मा. वैद्यकीय अधीक्षक यांस,



तुमच्या दवाखान्याचं नाव मी इथे लिहीत नाही, शहराचंही नाही. निपाणीचं माणूस दुखणं मोठं झालं की बेळगाव, कोल्हापूर नाहीतर मिरज गाठतं. त्यातल्याच एका शहरात तुमचा दवाखाना. बंद पाकिटातून दिलेल्या अर्जाला उत्तर आलं नाही, म्हणून हे उघड पत्र.

माझी आई बिडी कामगार. तरुणपणापासून तंबाखूची मिश्री लावायची. आमच्या गल्लीत न लावणारी बाई शोधावी लागे. गालाच्या आत बरी न होणारी जखम झाली आणि ती कॅन्सरची निघाली. तुमच्या डॉक्टरांनी ऑपरेशन चांगलं केलं, हे आधीच लिहिते, म्हणजे आम्ही उपकार विसरलो असं कुणी म्हणायला नको. गालाचा रोगट भाग काढला, सोबत मानेतल्या गाठीही काढल्या. गालाचा तुकडा एका डबीत, गाठी दुसऱ्या डबीत. सिस्टरांनी दोन्ही डब्या एका पिशवीत घातल्या, वर फॉर्म दिला आणि थिएटरबाहेर बसलेल्या माझ्या धाकट्या भावाला सांगितलं, "खाली लॅबमध्ये देऊन ये."

त्याने दिल्या. खिडकीवरच्या माणसाने फॉर्म पाहिला आणि पिशवी आत घेतली. पावती मिळाली नाही. मागायची असते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

रिपोर्ट आला तो एकाच डबीचा. गालाचा तुकडा केवढा, रोग किती खोल गेलाय, कडा मोकळ्या आहेत का, सगळं नीट लिहिलेलं होतं. गाठींपुढे मात्र एवढंच, की नमुना मिळाला नाही.

थिएटरमधले म्हणाले, आम्ही पाठवलं. लॅब म्हणाली, आमच्याकडे आलं नाही. आम्ही खूप विनवल्यावर लॅबचं रजिस्टर दाखवलं. तारीख, नाव, वॉर्ड, डॉक्टर, आणि आईच्या नावापुढे 'टिश्यू' एवढा एकच शब्द. डब्या किती आल्या, याला रकानाच नाही. देणाऱ्याची सही नाही, घेणाऱ्याची नाही, वेळ नाही. तिथेच कट्ट्यावर दुसऱ्या पेशंटांच्या डब्या ओळीने ठेवल्या होत्या. चिकटपट्टीवर बॉलपेनने नावं, काहींवर कन्नडमध्ये, काहींवर इंग्रजीत. एका डबीची शाई फॉर्मॅलिनने पसरून नाव वाचता येत नव्हतं. दोन-तीन डब्यांवर नाव फक्त झाकणावर होतं. झाकण काढून बाजूला ठेवलं की आतला तुकडा कुणाचा, हे कशावरून कळणार?

आणि मग टेबलामागच्या एका साहेबांनी माझ्या भावाला विचारलं, "पिशवी तूच नेली होतीस ना? मग वाटेत कुठं ठेवलीस?"

साहेब, हे पत्र त्या एका वाक्यामुळे लिहिते आहे. पोरगा काही बोलला नाही. त्या दिवसापासून तो आईसमोर नीट बसत नाही.

गाठी हरवल्या म्हणजे काय हरवलं, ते तुम्हाला मी सांगायला नको. पण पत्र वाचणाऱ्या बाकीच्या लोकांना कळायला हवं. आईचा गालातला रोग लहान होता, कडा मोकळ्या होत्या. मानेतल्या गाठींत रोग नसता तर कदाचित शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावाच लागला नसता. रोग गाठीच्या आवरणाबाहेर गेला असता तर शेकाबरोबर केमोही लागली असती. काढलेल्या गाठी पुन्हा काढता येत नाहीत. गालाचा तुकडा तपासून मानेचं उत्तर मिळत नाही. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हावा असं डॉक्टर सांगतात, आणि त्यातले कितीतरी दिवस आमचे तुमच्या जिन्यांवर गेले. शेवटी डॉक्टरांनी धोका नको म्हणून शेक दिला. आता आईची लाळ आटली आहे. भाकरी दुधात कुस्करली तरी घशाखाली उतरत नाही. हे सगळं सोसणं गरजेचं होतं की नव्हतं, हे आता कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही.

आईने जन्मभर बिड्या वळल्या. पान-तंबाखू किती दिली, बिड्या किती आल्या, खराब म्हणून छाट किती काढली, हे कारखानदार रोजच्या रोज लिहितो; 1966 च्या बिडी कामगार कायद्यापासून लॉगबुक आहे. तिच्या हातच्या बिडीचा जेवढा हिशोब राहिला, तेवढाही तिच्या मानेतल्या गाठींचा राहिला नाही.

तुमच्याच आवारातल्या पिवळ्या पिशव्यांचा हिशोब आहे. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पिशवीला बारकोड लागतो. शरीराचे टाकाऊ भाग जाळण्यासाठी त्याच पिवळ्या पिशवीतून जातात. आईच्या गाठी त्यातच गेल्या असतील, असं आता मला वाटतं. जाळायच्या पिशवीला बारकोड आणि तपासायच्या डबीला चिकटपट्टी, हे तुम्हाला बरोबर वाटतं का?

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली ऑपरेशनच्या वेळी वाचायची 19 मुद्द्यांची यादी काढली. पेशंट थिएटरबाहेर जाण्याआधी नमुन्यावरचं लेबल, पेशंटच्या नावासकट, मोठ्याने वाचायचं, असं त्यात स्पष्ट आहे. ती यादी करणाऱ्या पथकाचे प्रमुख अतुल गावंडे.  लेबल असं मोठ्याने वाचायला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. नमुन्यावरच्या नावाचं मोल केवढं, तेही पाहा: तंबाखूने तोंडाला काय होतं, याचा अभ्यास मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात वसंत रामजी खानोलकरांनी केला, तोही असेच काढलेले तुकडे तपासून. प्रत्येक तुकडा कुणाचा, कुठला, हे लिहिलेलं होतं म्हणूनच ते ज्ञान उभं राहिलं.

आमच्या भागावर दोन राज्यं हक्क सांगतात. 2023 साली महाराष्ट्राने सीमाभागातल्या 865 गावांना आपली आरोग्य योजना लागू केली, कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. आम्हाला कुठल्याही कार्डावर उपचार चालतील. पण आईच्या अंगातून काढलेला भाग थिएटरपासून लॅबपर्यंत कुणाच्या ताब्यात होता, हे सांगणारा एक माणूस तरी हवा.

नमुना नातेवाइकांच्या हाती देऊ नका. तुमच्या माणसाने न्यावा, डब्या मोजून, वेळ घालून, दोघांच्या सह्या घेऊन द्यावा. नाव आणि नोंदणी क्रमांक डबीच्या अंगावर, न पुसणाऱ्या शाईने घाला, झाकणावर नको. रोज संध्याकाळी थिएटरचं रजिस्टर आणि लॅबचं रजिस्टर शेजारी ठेवून जुळवा. डबी कमी आली तर त्याच रात्री कळेल, आणि त्या रात्री ती शोधली तर सापडेलही.

नुकसानभरपाई मी मागत नाही. माझ्या भावाच्या नावाने दोन ओळींचं पत्र पाठवा, तुमच्या सही-शिक्क्याचं: डबी हरवली ती दवाखान्याच्या व्यवस्थेत, त्यात त्याचा काही दोष नाही. पत्ता आईच्या केसपेपरवर आहे.

आपली,
निपाणीतल्या एका बिडी कामगार बाईची मुलगी