रंगाखालचा गंज

दुरुस्ती आणि रंगरंगोटी यांतील भेद आपण वैद्यक व्यावसायिकांना कुणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तरीही शिडाच्या छोट्या होड्यांचा छंद जडल्यापासून मला तो नव्याने महत्त्वाचा वाटू लागला आहे. निमित्त आहे या होड्यांच्या उचलत्या कीलचे.

वाऱ्याच्या आडव्या रेट्याला तोंड देण्यासाठी शिडाच्या होडीच्या तळाखाली जे जड, उभे पाते असते ते म्हणजे कील. मोटारीमागे ट्रेलरवरून न्यावयाच्या होडीला हे पाते अडचणीचे ठरते, म्हणून ते वर उचलता येईल असे करतात. अमेरिकेत १९६९ साली प्रथम बांधली गेलेली ‘कॅटलिना २२’ हे याचे सुपरिचित उदाहरण. तिच्या या प्रकारातील मूळ कील ओतीव लोखंडाची, सुमारे २५० किलो वजनाची. पुढील टोकाशी बसविलेल्या आडव्या पिनवर ती फिरते आणि तारेच्या दोराने, हाताने फिरविण्याच्या विंचवर वर ओढली जाते. कील वर असताना या होडीला सुमारे ६० सेंटिमीटर पाणी पुरते, खाली सोडल्यावर दीड मीटर लागते.

अशा रचनेत एवढा भार एका पिनवर आणि एका तारेवर असतो, आणि दोन्ही दृष्टीआड असतात. पिन व तिचे भोक घासून सैल होतात. नांगरलेल्या होडीच्या तळातून येणारी ठकठक हे त्याचे लक्षण. खाऱ्या पाण्यात कांस्याच्या सान्निध्यात लोखंड अधिक वेगाने झिजते. स्टेनलेस तार वरून चकचकीत दिसते, पण जोडाच्या फटीत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे ती आतून पोखरली जाते. तार तुटली की कील वेगाने खाली येऊन तळावर आदळते, आणि तळ फुटून होडीत पाणी शिरू शकते.

‘चालते आहे तोवर हात लावू नये’ असे अनेक अनुभवी मंडळी म्हणतात. होडी उंच उचलून, खाली भक्कम ठोकळे देऊन कील उतरविणे कष्टाचे आणि निष्काळजीपणे केल्यास धोक्याचे आहे, हे मान्य. तथापि गंजावर रंगाचा हात फिरविणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय. कील उतरवावी, धातू उघडा पडेपर्यंत गंज काढावा, पुन्हा गंज धरण्यापूर्वी त्याच दिवशी इपॉक्सीचा थर द्यावा, झिजलेले भोक गोल करून बुश बसवावे, पिन व तार नवी घालावी, हाच खरा उपचार.

२०१४ साली ‘चीकी रफिकी’ या ब्रिटिश नौकेची कील अटलांटिकमध्ये निखळली आणि चौघे खलाशी प्राणास मुकले. तिची कील उचलती नव्हती, पक्की बसविलेली होती. तरीही पूर्वी तळ जमिनीला लागल्याने आणि नंतरच्या दुरुस्त्यांमुळे तिचा सांगाडा दुर्बल झाला असण्याची शक्यता ब्रिटिश अन्वेषण शाखेच्या २०१५ च्या अहवालाने नोंदविली. झाकलेली इजा पुढच्या प्रवाशाला दिसत नाही.

म्हणून माझे आग्रहाचे मत असे, की पिन आणि तार लक्षणे दिसण्याची वाट न पाहता ठरावीक मुदतीने बदलावी. प्रत्येक तपासणीची तारीखवार नोंद ठेवावी आणि होडी विकताना ती नव्या मालकाच्या हाती द्यावी. रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे पाठविताना आपण त्याचे कागद सोबत देतोच ना?