समान पूर्वज, भिन्न वारसा

शाळेच्या हजेरीपटावर इब्राहिम, मुसा, युसुफ, दाऊद ही नावे दिसली की ती मुसलमानांची, असे आपण सहज म्हणतो. परंतु बायबलमधील अब्राहाम, मोशे, योसेफ आणि दावीद ते हेच. कोकणातील बेने इस्रायली आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाज यांनाही ही नावे तितकीच पूज्य आहेत. या साम्याची जाणीव आपल्या सुशिक्षितांत अभावानेच आढळते. आणि जेथे ती आढळते तेथे 'सर्व धर्म शेवटी एकच' या सोयीस्कर वाक्यावर विचार थांबतो.

वस्तुतः साम्य मोठे आहे. कुराणात नावाने उल्लेखिलेले पैगंबर साधारणतः २५ मानले जातात व त्यांतील बहुतेक बायबलमधून परिचित आहेत. मुहंमद पैगंबरांचे नाव तेथे ४ वेळा येते, तर मुसांचे शंभराहून अधिक वेळा. युसुफांची कथा १११ आयतींच्या एका स्वतंत्र अध्यायात सलग सांगितलेली आहे.

तथापि भेदही तितकाच मूलगामी आहे. बायबलमधील थोर पुरुष स्खलनशील आहेत. नोहा मद्याने बेशुद्ध होतो. दावीद उरीयाच्या पत्नीचा अभिलाष धरून उरीयाला मृत्यूच्या तोंडी देतो. शलमोन वार्धक्यात परक्या देवांकडे वळतो. अहरोन सोन्याचे वासरू घडवितो. इस्लामी परंपरेत पैगंबर हा अनुकरणीय आदर्श असल्याने घोर पाप त्याच्या ठायी संभवत नाही. म्हणून कुराणात वासराचा दोष सामिरी नावाच्या माणसाकडे जातो आणि सुलेमानांनी ईश्वराशी द्रोह केला नाही, असे स्पष्ट सांगितले जाते. एकीकडे दुर्बल माणसांशीही करार पाळणारा ईश्वर, तर दुसरीकडे प्रत्येक जनसमूहाला तोच संदेश देणारे निष्कलंक दूत, असा हा दृष्टिभेद आहे. त्याला नक्कल किंवा विपर्यास म्हणणे हे अज्ञानाचे लक्षण होय.

बकरी ईदच्या मुळाशी असलेली बलिदानाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. बायबलमध्ये तो पुत्र इसहाक आहे. कुराणात त्या प्रसंगी पुत्राचे नावच नाही. इ.स. ९२३ मध्ये निवर्तलेले भाष्यकार तबरी यांनी इसहाकाचा पक्ष घेतला. पुढे इस्माईल हेच मत रूढ झाले. एकाच परंपरेच्या पोटातही मतभेदाला जागा होती, हे विसरता कामा नये.

समान पूर्वज असला म्हणजे सलोखा आपोआप नांदतो, हा मात्र भ्रम आहे. हेब्रॉन येथे अब्राहामांची समाधी मानली जाते. त्या शहरात १९२९ मध्ये साठांहून अधिक ज्यूंची हत्या झाली, तर १९९४ मध्ये त्या समाधिस्थानीच नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांना एका इस्रायली वसाहतकऱ्याने ठार केले. आज ती वास्तूही विभागलेली आहे. भाऊबंदकीचे दावे परक्यांत लढले जात नाहीत. ते एकाच आजोबाचे नाव सांगणाऱ्यांतच लढले जातात.

म्हणूनच या विषयात भाबडेपणा उपयोगाचा नाही आणि द्वेष तर नाहीच. शेजाऱ्याचा इब्राहिम आपल्या अब्राहामाहून कोठे वेगळा आहे, हे नीट जाणून घेऊन त्याला तसा राहू देणे, एवढा विवेक शिक्षणाने दिला तरी पुष्कळ झाले.