२६९ चौरस फुटांत टेबल कुठं मांडायचं?

घरातला एखादा शांत कोपरा निवडा, भिंतीला हलका रंग द्या, खिडकीशेजारी टेबल ठेवा, टेबलावर एक छोटी कुंडी, पाठीला आधार देणारी खुर्ची, की झालं तुमचं घरातलं ऑफिस तयार! असले व्हिडिओ सध्या आमच्या पोरापोरींच्या मोबाईलवर सारखे येऊन आदळतात. बघायला छान वाटतात. पण आम्हाला पहिला प्रश्न पडतो तो असा, की हा शांत कोपरा ज्या घरात शिल्लक राहतो ते घर नेमकं कोणाचं?

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही वस्तीत या. भूमला या, कळंबला या, लोहाऱ्याला या. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी सरकारनं रमाईच्या नावानं घरकुल योजना काढली. त्या घराचं मोजमाप २६९ चौरस फूट, म्हणजे साधारण सोळा फूट बाय सतरा फूट. त्यात गॅसची शेगडी, धान्याची पोती, पलंग, कपाट, आजीचं अंथरूण, आईची शिलाई मशीन आणि पाच-सहा माणसं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण नियमांत २५ चौरस मीटरच्या घरात स्वयंपाकासाठी स्वच्छ जागा असावी असं स्पष्ट लिहिलं आहे. ते योग्यच आहे, चुलीच्या धुरात आमच्याच आयांची फुप्फुसं गेली. पण ह्या घरातलं लेकरू शिकेल, उद्या याच घरात बसून लॅपटॉपवर काम करेल, त्याला बसायला चार फूट जागा लागेल, याचा विचार त्या मोजमापात कुठं दिसतो? गरिबाला छप्पर पाहिजे एवढं व्यवस्थेला कळतं. गरिबाला टेबल पाहिजे हे तिच्या डोक्यात शिरत नाही.

आणि चौरस फुटांना जात नसते असं कोणी सांगू नये. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आठवा. किल्लारीबरोबर आपल्या उमरगा-लोहारा भागातली गावंही जमीनदोस्त झाली. पुनर्वसनात घरं बांधून दिली, पण घर किती मोठं द्यायचं हे घरात माणसं किती यावर ठरलं नाही, जमीन किती यावर ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, त्यावरच्याला ४००, सात हेक्टरांवरच्याला ७५०. जमीन पिढ्यान्‌पिढ्या कोणाकडे नव्हती? भूकंपानं पाटलाचा वाडा आणि आमचं झोपडं एकाच रात्री पाडलं, सरकारनं मात्र उभं करताना पुन्हा फरक केला. त्या २५० फुटांत जन्मलेली पिढी आज पदवीधर आहे आणि तिला घरी बसून मुलाखत द्यायची आहे.

घरातलं ऑफिस ही काही नवी चूष आहे असंही समजू नका. कुलकर्ण्याचं दप्तर त्याच्या वाड्यातच असायचं. सोप्यावर बैठक, बैठकीत उतरतं मेज, शाई, वह्या. सावकाराची पेढी घरातच. गावाचा सगळा लिखापढीचा कारभार घरात बसून चालायचा, आणि महार अंगणाच्या बाहेर उभा राहून हुकूम ऐकायचा. वतनाचं काम होतं, पण त्या कामाला बसायची जागा नव्हती. पायांचं काम आमच्याकडं, बुडाखालची गादी त्यांच्याकडं! फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद झाली, बाबासाहेब स्वतः आले, ते याच राबणुकीचा हिशोब मागायला.

आता आपल्यातल्याच काही शहाण्यांकडं वळू. टेबलाचा विषय काढला की हे म्हणतात, बाबासाहेब रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकले, तुम्हाला कशाला लागतात हे थाट? जयंतीच्या भाषणात हे वाक्य हमखास येतं आणि टाळ्याही घेतं. मित्रांनो, हे वाक्य आपल्या पोरांच्या मुळावर उठलेलं आहे. परळच्या एका खोलीच्या घरात काय घडलं ते नीट बघा. खोलीत धूर, उशाशी जातं, पायाशी शेळी. सुभेदार रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग पोराला अभ्यासाला उठवत आणि तेव्हा कुठं त्याच्या रिकाम्या जागेवर आडवे होत. याला दिव्याखालची गरिबी म्हणून गाऊ नका. एका बापानं आपली झोप खर्च करून मुलासाठी जागा तयार केली, ती घरातली पहिली अभ्यासिका होती. रामजींनी जागेचा प्रश्न ओळखला आणि वेळ वाटून सोडवला. आपल्यातले किती बाप आज टीव्हीचा आवाज तरी कमी करतात?

आणि बाबासाहेबांच्या हाती जेव्हा करायचं आलं तेव्हा त्यांनी काय केलं? दोन खोल्यांच्या चाळीत राहत असताना १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तिची कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये. सभेनं सुरुवातीलाच, १९२५ मध्ये, आपल्या शेजारच्या सोलापुरात वसतिगृह उघडलं. १९५० साली मराठवाड्यासाठी औरंगाबादला महाविद्यालय उभं केलं. आणि स्वतःसाठी दादरला राजगृह बांधलं तेही पुस्तकांना जागा मिळावी म्हणून. म्हणजे घरात जागा नसेल तर समाजानं जागा उभी करायची, हा त्यांचा मार्ग होता. कंदिलाचं कौतुक करत बसायचा नव्हता.

म्हणून आमचं भांडण दोन ठिकाणी आहे. पहिलं घरात. २६९ फुटांतसुद्धा शोकेससाठी एक भिंत निघते, चाळीस इंची टीव्हीला एक भिंत निघते. मग दोन फूट रुंद, दीड फूट खोल फळी बिजागरीवर बसवायला भिंत का निघू नये? काम झालं की फळी खाली, रात्री तिथंच अंथरूण. गावातला सुतार हे एका दिवसात करून देतो. वर एक एलईडी दिवा, शेजारी प्लगचा बोर्ड, आडोशाला जुन्या लुगड्याचा पडदा. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे मध्ये दुपारी बसणं शक्य नसतं, तेव्हा पहाटेची आणि रात्रीची वेळ आधीच ठरवून ठेवा, आणि त्या वेळेत घरात कोणी हाक मारायची नाही.

पण ही फळी कोणाच्या नावावर? इथं आपलं पुरोगामीपण उघडं पडतं. पोरगा स्पर्धा परीक्षेचं पुस्तक उघडून बसला की घर चिडीचूप होतं. पोरगी डेटा एन्ट्रीचं काम करून महिन्याला चार पैसे आणत असली तरी तिला काम मध्येच सोडून पाहुण्याला चहा टाकावा लागतो. तिचं काम म्हणजे जणू मोबाईलशी खेळ! रमाईच्या फोटोला हार घालणाऱ्या घरात हे चालत असेल तर तो हार काढून ठेवावा, असं आम्ही स्पष्ट म्हणतो.

अजून एक गोष्ट, जिच्यावर आपली पोरं आपसात कुजबुजतात पण उघड बोलत नाहीत. व्हिडिओवरची मुलाखत असली की काहीजण कॅमेरा असा फिरवतात की मागचा बाबासाहेबांचा फोटो दिसू नये. मागचं दृश्य धूसर करायचं बटण कोणी पत्रे झाकायला वापरतं, कोणी निळा रंग झाकायला. आम्ही त्या पोरांवर दात ओठ खाणार नाही. नोकरीची गरज काय असते ते आम्हाला ठाऊक आहे, आणि आडनाव ऐकून समोरच्याचा स्वर कसा बदलतो तेही ठाऊक आहे. लाज वाटायला हवी ती भिंत बघून माणूस मोजणाऱ्याला. तरी आमचं मत असं, की ज्यानं संविधान लिहिताना मसुदा समितीचं अध्यक्षपद भूषवलं त्याचा फोटो पाठीशी असणं ही कुठल्याही मुलाखतीत कमीपणाची गोष्ट नाही. ज्याला जमेल त्यानं फोटो राहू द्यावा. सुरुवात ज्यांची नोकरी पक्की आहे त्यांनी करावी, बेरोजगार पोराच्या गळ्यात हे ओझं टाकू नये.

दुसरं भांडण ग्रामपंचायतीत आणि जिल्हा परिषदेत. दलित वस्तीच्या विकासाचा निधी दरवर्षी येतो. सिमेंटचे रस्ते होतात, पुन्हा त्याच रस्त्यावर रस्ते होतात. समाजमंदिर बांधून होतं आणि त्याला कुलूप लागतं, किल्ली एका पुढाऱ्याच्या खिशात, आत जयंतीच्या मंडपाचं सामान. दिवाळीच्या आसपास भूम, वाशी, कळंबकडची कुटुंबं कोयता घेऊन कारखान्यावर जातात, मागं आजीजवळ राहिलेली कॉलेजची पोरं कुठं बसतात? त्यांच्यापासून पन्नास पावलांवर ही इमारत बंद पडलेली असते.

तेव्हा येत्या ग्रामसभेत तोंडी बोलून थांबू नका, अर्ज लेखी द्या आणि पोहोच घ्या. समाजमंदिराची वीजजोडणी, आठ टेबलं, सोळा खुर्च्या, एक इंटरनेट जोडणी, पहाटे पाच ते रात्री अकरा उघडं, मुलींसाठी येण्याजाण्याची सुरक्षित सोय, आणि किल्ली तिथं अभ्यास करणाऱ्या दोघांकडं, त्यातली एक मुलगी. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे पैसे वजा करून पहिली दोन टेबलं आपणच आणू शकतो, बाकीची सहा निधीतून मागू. ग्रामसेवक नियम दाखवेल, त्याच्याकडून नियमाची प्रत मागा. ठराव लिहून घेतल्याशिवाय सभेतून उठू नका.