विश्लेषण : बंद घराला ‘अलार्म’ची राखण कितपत? खान्देशात यंत्रणा निवडताना, सांभाळताना काय पाहावे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळीच्या पाठोपाठ, ज्येष्ठ नेते एकनाथ खडसे यांचे जळगावातील शिवराम नगरमधील बंद घर चोरट्यांनी फोडले. परिचित नेत्याच्या घराची ही गत, तर पिंप्राळा, महाबळ किंवा धुळ्यातील देवपूर, वलवाडीच्या कॉलन्यांमधील बंद घरांचे काय, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. अशी बातमी आली की कॅमेरे आणि बर्गलर अलार्मची चौकशी वाढते. मात्र अलार्म बसवला म्हणजे घर सुरक्षित झाले, असे नाही. तो कुठे बसवला, वीज गेल्यावर चालतो का आणि वाजल्यावर कोण धावून येणार, यावर सारे अवलंबून असते.

खान्देशातील घरे हेरणे सोपे का?

जळगाव ही सुवर्णनगरी. सोन्यात बचत करण्याची सवय जुनी आणि लग्नासाठी केलेले दागिने घरातच ठेवण्याची पद्धतही जुनी. एप्रिल २०२५ मध्ये सोन्याने तोळ्यामागे एक लाख रुपयांचा टप्पा गाठला. त्यामुळे कपाटातील चार-पाच तोळ्यांची चोरीही कुटुंबाची अनेक वर्षांची कमाई घेऊन जाते. दुसरे कारण म्हणजे घरे बंद राहण्याचे ठरलेले दिवस. मुले पुणे, मुंबई, नाशिक, सुरतला आणि आई-वडील गावी, अशी असंख्य घरे आहेत. दिवाळी, लग्नसराई, उन्हाळी सुट्टीत ती आठ-पंधरा दिवस कुलूपबंद असतात. तिसरे कारण उकाड्याचे. चैत्र-वैशाखात कुटुंब गच्चीवर झोपते आणि खालचे मजले मोकळे राहतात. शिवाय मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. पहाटेपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात निघून जाणे बाहेरच्या टोळीला कठीण नसते.

सीसीटीव्ही असताना अलार्म कशाला?

दोघांची कामे वेगळी आहेत. कॅमेरा झाले ते टिपतो, अलार्म होत असताना हटकतो. तोंडाला रुमाल बांधलेला चोर कॅमेऱ्याची फारशी पर्वा करत नाही. चित्रीकरण साठवणारा डीव्हीआर दर्शनी खोलीत असेल, तर जाताना तोही उचलून नेता येतो. कडीकोयंडा तुटताच भोंगा वाजला, तर चोराला कपाट उचकटण्यासाठी लागणारा निवांत वेळ मिळत नाही. अलार्मचे खरे काम वेळ तोडण्याचे आहे. दोन्ही असल्यास उत्तम. एकच परवडत असेल आणि घर वारंवार बंद राहत असेल, तर अलार्म आधी घ्यावा.

यंत्रणेत नेमके काय असते?

मुख्य पॅनल, सेन्सर, भोंगा, बॅटरी आणि फोन किंवा संदेश पाठवणारा डायलर, असे पाच भाग असतात. दार-खिडकीवरचा चुंबकीय सेन्सर दार उघडताच इशारा देतो. कंपन ओळखणारा सेन्सर ग्रील कापताना किंवा दार फोडताना, म्हणजे चोर आत येण्याआधीच जागा होतो. खोलीच्या कोपऱ्यात साधारण सात-आठ फुटांवर बसणारा ‘पीआयआर’ सेन्सर माणसाच्या शरीराची हलती उष्णता ओळखतो. तो काचेपलीकडचे पाहू शकत नाही. समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवे जाणाऱ्याला तो लवकर पकडतो. म्हणून तो दाराच्या थेट समोर न लावता, चोर त्याच्यासमोरून आडवा जाईल अशा कोपऱ्यात लावावा. तीन खोल्यांच्या घराला सहसा पुढचे दार, मागचे दार, जिन्याचे दार आणि कपाटाच्या खोलीकडे जाणारी वाट एवढे सांभाळले तरी बरेच काम होते.

जळगावच्या उन्हाचा यंत्रणेवर परिणाम होतो?

होतो आणि माहितीपत्रकात तो ठळकपणे सांगितलेला नसतो. ‘पीआयआर’ सेन्सर शरीर आणि भोवतालच्या तापमानातील फरक टिपतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की बंद खोलीही शरीराइतकी तापते. फरक कमी झाल्याने सेन्सरची पकड सैल पडते. म्हणून ‘टेम्परेचर कॉम्पेन्सेशन’ असलेलाच सेन्सर मागावा आणि उन्हाळ्यात केवळ त्याच्यावर विसंबू नये. दारावरच्या चुंबकीय सेन्सरला या फरकाची अडचण येत नाही.

उलट अडचण कुलरची. गार वाऱ्याचा झोत, हलणारा पडदा, सेन्सरवर फिरणारी पाल किंवा कोळ्याचे जाळे यांमुळे भोंगा विनाकारण वाजू शकतो. सेन्सर कुलर, खिडकी आणि थेट उन्हाच्या समोर नसावा. मांजर घरात येत असेल, तर पाळीव प्राण्यांना वगळणारा सेन्सर घ्यावा. गच्चीवर झोपणाऱ्यांनी ‘होम मोड’ असलेले पॅनल निवडावे. त्यात खालची दारे-खिडक्या पहाऱ्यावर राहतात आणि पाण्यासाठी खाली येणाऱ्याला वापराच्या ठरावीक खोल्या मोकळ्या ठेवता येतात.

वीज किंवा नेटवर्क गेले तर?

पॅनलमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अ‍ॅम्पिअर-अवर क्षमतेची बंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. यंत्रणा २०० मिलिअ‍ॅम्पिअर वीज घेत असेल, तर कागदावर ती ३५ तास पुरते. प्रत्यक्षात त्याहून कमी, हे गृहीत धरावे. या बॅटरीचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे. परंतु २५ अंशांच्या वर सातत्याने दहा अंश वाढ झाल्यास ते निम्म्यावर येते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. खान्देशात दर दोन-अडीच वर्षांनी बॅटरी बदलणे शहाणपणाचे. पॅनल पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर बसवू नये.

केवळ वाय-फायवर चालणारा अलार्म राउटर बंद पडताच फोनवर इशारा देऊ शकत नाही. त्यामुळे सिमकार्डची सोय हवी. येथे एक फसगत होते. स्वस्त डायलर अनेकदा २जी तंत्रावर चालतात आणि जिओचे जाळे २जीला साथ देत नाही. ४जी डायलर घ्यावा किंवा त्या भागात २जी सेवा देणाऱ्या कंपनीचे सिम वापरावे. अलार्मला इंटरनेट लागत नसेल, तर फक्त कॉल व एसएमएसचा पॅक पुरतो. ‘ट्राय’च्या निर्देशानंतर जानेवारी २०२५ पासून कंपन्यांनी असे पॅक आणले आहेत. रिचार्ज संपलेले सिम म्हणजे मुका अलार्म.

भोंगा वाजल्यावर येणार कोण?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. घरगुती अलार्म सहसा थेट पोलीस ठाण्याला जोडलेला नसतो. भोंगा शेजाऱ्यांना आणि डायलर घरच्यांना कळवतो. पुढची साखळी माणसांनीच उभी करायची असते. डायलरमध्ये पहिला क्रमांक जवळच्या शेजाऱ्याचा, दुसरा गावातील नातेवाइकाचा आणि तिसरा बाहेरगावी असलेल्या मुलाचा ठेवावा. शेजाऱ्याने एकट्याने आत शिरू नये. दिवे लावावेत, चारजणांना उठवावे आणि ११२ वर फोन करावा.

सुरत किंवा इंदूरहून ११२ फिरवल्यास कॉल त्या राज्याच्या नियंत्रण कक्षाकडे जातो. म्हणून बाहेरच्या राज्यात राहणाऱ्यांनी जळगाव किंवा धुळे पोलीस नियंत्रण कक्षाचा आणि जवळच्या ठाण्याचा क्रमांक फोनमध्ये जपून ठेवावा. बाहेरगावी जाण्यापूर्वी ठाण्यात कळवल्यास गस्तीच्या वेळी त्या घराकडे लक्ष ठेवता येते.

खोटे इशारे ही साखळी तोडतात. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीत अलार्मचे जवळपास सगळे कॉल खोटे निघू लागल्याने, खात्री झाल्याशिवाय पोलीस न पाठवण्याचे धोरण २००० मध्ये स्वीकारले गेले. कॉलनीतही तेच घडते. आठवड्यातून तीनदा उगाच वाजणाऱ्या भोंग्यासाठी चौथ्यांदा कोणी उठत नाही.

देखभाल कशी करावी?

महिन्यातून एकदा, शेजाऱ्यांना सांगून, चाचणी घ्यावी. प्रत्येक दार उघडून, प्रत्येक खोलीतून चालून सेन्सर बोलतो का पाहावे. मग मेन स्विच बंद करून केवळ बॅटरीवर भोंगा पूर्ण जोराने वाजतो का आणि तिन्ही क्रमांकांवर फोन जातो का, हे तपासावे. सेन्सरवरील धूळ कोरड्या मऊ कापडाने पुसावी. वायरलेस सेन्सरचे सेल वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीपूर्वी बदलावेत. कारखान्यातून आलेला १२३४ सारखा कोड पहिल्याच दिवशी बदलावा. भाडेकरू, कामगार किंवा तंत्रज्ञ बदलला की पुन्हा बदलावा. मोबाइल अ‍ॅपचे खाते बसवणाऱ्याच्या नव्हे, घरमालकाच्या क्रमांकावर असावे.

विक्रेत्याला काय विचारावे?

सुटी बॅटरी आणि सेन्सर स्थानिक बाजारात मिळतात का, बिघाड झाल्यास किती तासांत माणूस येईल आणि वार्षिक देखभाल करारात सुटे भाग धरले आहेत का, हे लेखी घ्यावे. पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड आवश्यक. सोबत कॅमेरे घेत असल्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून लागू केलेल्या सुरक्षा चाचणीच्या निकषांत ते बसतात का, तेही विचारावे.

घरफोडी झालीच तर?

काहीही न हलवता, न पुसता पोलिसांना बोलवावे. ठसेतज्ज्ञ आणि श्वानपथकाला त्याचाच आधार असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ नुसार राहत्या घरातील चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरीच्या हेतूने रात्री केलेल्या घरफोडीला कलम ३३१ नुसार चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तक्रार ऑनलाइन दिल्यास तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. दागिन्यांची बिले आणि छायाचित्रे असल्यास मुद्देमाल ओळखणे सोपे जाते.

विम्याबाबतही गैरसमज आहेत. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी प्रामुख्याने आग, पूर, भूकंप अशा आपत्तींसाठी आहे. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. बँक लॉकरमधील चोरीबाबत रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांनुसार बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत आहे. म्हणजे दोन हजार रुपये भाडे असल्यास दोन लाख. आजच्या भावात ही रक्कम फार नाही. तरीही बंद घरातील कपाटापेक्षा लॉकर कितीतरी सुरक्षित.

त्यामुळे खर्चाचा क्रमही ठरवता येतो. आधी मजबूत दार, आतून बसणारे कुलूप आणि मागच्या दाराची ग्रील. मग दागिने लॉकरमध्ये. त्यानंतर अलार्म आणि शेवटी कॅमेरे. शेजाऱ्याकडे दिलेली किल्ली आणि त्याच्याशी राखलेले बोलणे, याला खर्च काहीच नाही. पण भोंगा वाजल्यावर पहिले दार उघडते ते त्याचेच.