मूल गप्प झालं तर रागावण्याआधी विचारा

पांढरकवड्यातलं कुठलंही घर घ्या. दहावीतला मुलगा हळूहळू गप्प होतो. ईदला पाहुणे आले तरी खोलीबाहेर येत नाही. दोस्त बोलवायला आले तर अम्मीला म्हणतो, 'झोपलाय म्हणून सांग.' मग कोणी म्हणतं मोबाइलनं बिघडला, कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं नमाज सोडली त्याचा परिणाम. मूल आजारी असेल, हे मात्र सगळ्यात शेवटी सुचतं.

खरं तर मनाचा आजार केळापूर तालुक्याला नवीन नाही. कापूस पिकवणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यानं शेतकरी आत्महत्यांचं दुःख वर्षानुवर्षं सोसलंय. म्हणूनच 2015 साली सरकारनं प्रेरणा प्रकल्प आणला आणि आशाताई शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करू लागल्या. पण त्याच घरात बापाच्या कर्जाची कुजबुज रोज ऐकणाऱ्या पंधरा वर्षांच्या लेकराला कोण विचारतं?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं. त्यातले 1,764 महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या 17 वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 25 जुलै 2025 रोजी मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी संबंध जोडून ठेवावा. मदतीचा फोन नंबर वर्गात दिसेल असा लावावा. आपल्या मुलांच्या शाळेत यातलं काय झालं, हे आपण कधी जाऊन पाहिलं का?

सरकारला प्रश्न विचारूच, पण घरातलं कामही आपलंच आहे. या वयात डिप्रेशन नेहमी रडण्यातूनच दिसतं असं नाही. ते चिडचिडीतून दिसतं, झोप आणि भूक बिघडण्यातून दिसतं, आवडीचा खेळ सोडण्यातून दिसतं. असं दोन आठवडे चाललं तर 'नखरे' म्हणून सोडून देऊ नका. मरणाची भाषा निघाली तर एक दिवसही थांबू नका आणि मुलाला एकटं ठेवू नका.

मुलींच्या बाबतीत आपण आणखी मोठी चूक करतो. मुलगी शाळेत जायला नको म्हणाली की शाळा बंद आणि रिश्त्याची बोलणी सुरू. आजार लपवण्यामागेही हीच भीती असते, 'लोकांना कळलं तर रिश्ता कसा येईल?' पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिलाय. आणि लग्न हा डिप्रेशनचा इलाज नाही.

दुःखी मन म्हणजे कमजोर ईमान, हेही आपण सोडून द्यायला हवं. हजरत याकूब (अलै.) मुलाच्या विरहात इतके रडले की त्यांची दृष्टी गेली. त्यांच्या ईमानावर कोण बोट ठेवेल? दुआ जरूर करावी, पण इलाज करून घ्यायची शिकवणही पैगंबर (स.) यांनीच दिलीय.

अशा मुलाला ओढून लग्नात नेऊ नका आणि चारचौघांत 'मार्क किती पडले?' विचारू नका. एका जवळच्या दोस्ताला घरी बोलवा. मगरिबनंतर अब्बूंनी दहा मिनिटं सोबत चालावं, उपदेश न करता. तुटलेली संगत अशीच थोडी थोडी जुळते.

आधी पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. गरज पडली तर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार तज्ज्ञांकडे न्या. यवतमाळला जाणं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून टेली-मानसचा 14416 हा नंबर घरात लिहून ठेवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

मशीद कमिटी आणि पालकांनी मिळून शाळेला लेखी विचारावं, की समुपदेशक कधी येणार? जुम्याच्या बयानात पाच मिनिटं या विषयाला द्यावीत. आणि आज रात्री जेवताना आपल्या गप्प लेकराला एवढंच विचारावं, 'बेटा, मन कसं आहे?' मग त्याचं पूर्ण ऐकून घ्यावं.