बिशप लाउथ यांनी न केलेला नियम

'द हाउस इन विच आय लिव्ह' आणि 'द हाउस दॅट आय लिव्ह इन'. दोन्हींचा अर्थ एकच: मी राहतो ते घर. पहिल्या रचनेत 'इन' हे शब्दयोगी अव्यय, म्हणजे प्रिपोझिशन, 'विच' या संबंधी सर्वनामाच्या आधी बसले आहे. दुसऱ्या रचनेत ते क्रियापदाच्या मागे, अगदी शेवटी उरले आहे. पहिली रचना शुद्ध आणि दुसरी गावंढळ, असे अनेक वर्गांत शिकवले गेले. अलीकडे समाजमाध्यमांवर याच्या उलट गोष्ट आवडीने फिरते: हा नियम मुळातच बनावट असून अठराव्या शतकात रॉबर्ट लाउथ नावाच्या एका बिशपने लॅटिनच्या वेडापायी तो इंग्रजीवर लादला.

पहिली समजूत चुकीची आहे. दुसरीही चुकीचीच आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती अधिक खटकायला हवी, कारण ती भ्रम दूर करण्याच्या आविर्भावात सांगितली जाते.

प्रथम भाषेकडे पाहू. शब्दयोगी अव्यय मागे सोडण्याची सवय इंग्रजीला कोणा आळशी पिढीने लावलेली नाही. ती हजार वर्षांहून जुनी आहे. प्राचीन इंग्रजीत संबंध दाखवण्यासाठी 'थे' असे एक रूप होते. लिंग, वचन, विभक्ती कशानेही ते बदलत नसे आणि त्याच्या आधी शब्दयोगी अव्यय लावताच येत नसे. ते अव्यय मग क्रियापदाच्या आसपास राही. त्याच काळात विभक्तीप्रमाणे बदलणारे दुसरे एक सर्वनाम संबंध दाखवण्यासाठी वापरले जाई, आणि त्याच्या आधी अव्यय सहज बसे. म्हणजे दोन्ही रचना प्रारंभापासून शेजारी शेजारी नांदत होत्या. कोणती वापरायची हे सर्वनामावरून ठरत असे.

हा जुना भेद आजही शिल्लक आहे. 'द हाउस इन दॅट आय लिव्ह' असे कोणताही इंग्रज लिहिणार नाही. 'दॅट' घेतला की 'इन' शेवटी जाणे अटळ. सर्वनाम गाळून 'द हाउस आय लिव्ह इन' म्हटले तरी तेच. निवड करण्याची मोकळीक फक्त 'विच', 'हूम' या मंडळींसोबत मिळते. शेक्सपिअरच्या काळात तर ही सारी व्यवस्था इतकी सैल होती की 'अॅज यू लाइक इट' या नाटकात एके ठिकाणी तोच 'इन' आधीही येतो आणि शेवटीही. आज एखाद्या विद्यार्थ्याने तसे लिहिले तर लाल शाईच्या दोन रेघा पडतील.

मग आक्षेप आला कोठून? त्याचा ठळक धागा १६७२ मध्ये सापडतो. कवी आणि नाटककार जॉन ड्रायडन यांनी त्या वर्षी आपल्या 'द कॉन्क्वेस्ट ऑफ ग्रॅनाडा' या नाटकाबरोबर एक निबंध छापला. १६६० मध्ये राजसत्ता परत आली होती, नाट्यगृहे पुन्हा उघडली होती, आणि आपल्या पिढीची भाषा मागच्या पिढीपेक्षा अधिक घासूनपुसून निघाली आहे हे ड्रायडन यांना सिद्ध करायचे होते. त्यासाठी त्यांनी बेन जॉन्सन यांच्या १६११ च्या 'कॅटिलाइन' नाटकातून दोष वेचले. जॉन्सन यांना जाऊन तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती; उत्तर द्यायला ते हजर नव्हते. वाक्याच्या शेवटी आलेले शब्दयोगी अव्यय हा त्या दोषांपैकी एक. हा दोष आपल्याही लेखनात आहे आणि तो आपल्या नुकताच लक्षात आला, असे ड्रायडन यांनी तेथेच प्रांजळपणे कबूल केले.

ही कबुली नीट वाचण्यासारखी आहे. उत्तम इंग्रजी लिहिणाऱ्या, राजकवी असलेल्या माणसाला चाळिशी गाठेपर्यंत जो दोष दिसला नव्हता, तो दोष भाषेत होता की नव्या दृष्टीत? ड्रायडन यांनी १६७९ मध्ये लिहिलेल्या एका अर्पणपत्रिकेत याचे अर्धे उत्तर मिळते. आपले वाक्य शुद्ध आहे की नाही अशी शंका आली की आपण त्याचे लॅटिन करून पाहतो, असे ते सांगतात. लॅटिनमध्ये शब्दयोगी अव्यय संबंधी सर्वनामापासून तुटून वाक्याच्या टोकाला राहत नाही. 'प्रिपोझिशन' या मूळ लॅटिन नावाचा अर्थच 'आधी ठेवलेले' असा आहे. अशा चाळणीतून इंग्रजी वाक्य गाळले की 'लिव्ह इन'मधला 'इन' वर अडकणारच. आपल्या १६६८ च्या नाट्यविषयक निबंधाची नवी आवृत्ती १६८४ मध्ये काढताना ड्रायडन यांनी शेवटी राहिलेली ही अव्यये शोधून शोधून वाक्ये बदलली. एवढे मात्र त्यांच्या बाजूने म्हणायला हवे की दुसऱ्याला लावलेला नियम त्यांनी स्वतःलाही लावला.

आता लाउथ. 'अ शॉर्ट इंट्रोडक्शन टू इंग्लिश ग्रामर' हे त्यांचे पुस्तक १७६२ मध्ये निघाले, तेही लेखकाच्या नावाविना. त्या वेळी ते बिशप नव्हते. ते पद त्यांना १७६६ मध्ये मिळाले. 'बिशपने लादलेला नियम' या वाक्यातला पहिला शब्दच अशा रीतीने कालविपर्यास ठरतो. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुस्तकात तशी बंदी नाही. लाउथ यांचे म्हणणे थोडक्यात असे: अव्यय शेवटी ठेवण्याकडे इंग्रजीचा स्वाभाविक कल आहे, बोलण्यात ते सर्रास चालते, घरगुती धाटणीच्या लेखनालाही शोभते, गंभीर आणि भारदस्त शैलीत मात्र ते सर्वनामाआधी ठेवणे अधिक डौलदार व सुस्पष्ट वाटते. शुद्ध-अशुद्धाचा निवाडा येथे कोठे आहे? हा शैलीचा सल्ला आहे, आणि अडीचशे वर्षांनंतरही तो बव्हंशी खरा ठरतो.

गंमत पुढेच आहे. इंग्रजीचा हा कल सांगणारे वाक्य लिहिताना लाउथ यांनी 'टू' हे अव्यय स्वतःच मागे, उपवाक्याच्या शेवटी सोडले आहे. थट्टेने की सहज, हे ज्याचे त्याने ठरवावे. १७९५ मध्ये लिंडली मरे यांचे व्याकरण आले. मरे हे अमेरिकेतून येऊन यॉर्कजवळ स्थायिक झालेले वकील. तेथील मुलींच्या एका शाळेतील शिक्षिकांच्या विनंतीवरून त्यांनी हे पुस्तक तयार केले. त्यातला बराच मजकूर आधीच्या व्याकरणांतून, विशेषतः लाउथ यांच्याकडून आलेला आहे, आणि हे वाक्यही आले आहे. फक्त मरे यांनी तो शेवटचा 'टू' उचलून 'विच'च्या आधी नेऊन ठेवला! पुस्तकातला सल्ला सौम्यच राहिला, पण उदाहरणाने निराळाच धडा दिला. मरे यांच्या पुस्तकाच्या अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. शाळेत सल्ला फार काळ सल्ला राहत नाही. शैलीतले तारतम्य तपासण्यापेक्षा 'शेवटी अव्यय, अर्धा गुण वजा' हे तपासणे शिक्षकाला कितीतरी सोपे असते.

एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात या नियमाला अंधश्रद्धेच्या रांगेत बसवले, तरी तो टिकला. त्याची खिल्ली उडवणारे एक वाक्य चर्चिल यांच्या नावावर आजही रोज कोठे ना कोठे फिरते. १९४२ मध्ये छापलेल्या त्या किश्श्यात चर्चिल यांचे नाव नव्हते; ते काही वर्षांनी येऊन चिकटले. नियम मानणाऱ्यांनी लाउथ वाचला नाही, नियम मोडणाऱ्यांनीही वाचला नाही, आणि दोघांच्या भांडणात एका सभ्य, समतोल परिच्छेदाचा बळी गेला.

याचा अर्थ 'इन विच' ही रचना टाकाऊ आहे असा काढू नये. काही ठिकाणी तिच्यावाचून चालतच नाही. 'द मीटिंग ड्यूरिंग विच ही स्लेप्ट' यातला 'ड्यूरिंग' शेवटी ढकलला तर वाक्य अवघडून बसते. 'द एक्स्टेंट टू विच' हा साचा तर जवळपास पक्का झाला आहे. उलट 'लुक आफ्टर'सारख्या क्रियापदांत अव्यय क्रियापदाशी इतके एकजीव झालेले असते की 'द चाइल्ड आफ्टर हूम शी लुक्स' हे व्याकरणाच्या कृपेने घडलेले हसेच. जाणता लेखक दोन्ही रचना वापरतो.

मराठी विद्यार्थ्याची अडचण या इंग्रजी भांडणाहून वेगळी आहे. मराठीत 'ज्यात', 'ज्याच्यावर', 'जिच्यासाठी' ही रूपे सर्वनामाला अव्यय वा प्रत्यय जोडूनच होतात. ते तोडून वाक्याच्या शेवटी ठेवण्याची सोयच नाही. त्यामुळे 'इन विच' त्याला आपलेसे वाटते आणि 'लिव्ह इन' लोंबकळल्यासारखे दिसते. ड्रायडन यांना लॅटिनने जे शिकवले, ते त्याला मातृभाषा न सांगता शिकवते.

पण मराठीची दुसरीही एक रीत आहे, बोलण्यातली. 'मी राहतो ते घर', 'मी आलो ती बस', 'मी लिहितो ते पेन'. येथे घरात, बसने, पेनाने हा संबंध शब्दात कोठेच नाही. ऐकणारा तो आपसूक समजतो. हीच वाक्ये मनात ठेवून विद्यार्थी 'द हाउस विच आय लिव्ह' लिहितो आणि 'इन' दोन्हीकडून गळतो. इंग्रजीत ही चूक खरी आहे. ड्रायडन, लाउथ, मरे आणि फाउलर या चौघांनीही ती चूकच मानली असती. वर्गातला वेळ मात्र अजूनही 'इन' आधी की शेवटी यावरच खर्च होतो, आणि 'मी राहतो ते घर' या निर्दोष मराठी वाक्यातून ती चूक आली आहे, हे त्या विद्यार्थ्याला क्वचितच कोणी सांगते.